निझामाच्या नावाचं स्पिटफायर

हिंगोलीतल्या कुणी दुसऱ्या महायुद्धातलं विमान छोट्या प्रमाणात बांधायचं मनावर घेतलं, तर कुठलं निवडावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनचं स्पिटफायर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणजेच हैदराबाद संस्थानात होती. सातव्या निझामानं, मीर उस्मान अली खाननं, विमानांसाठी पैसा दिला आणि त्याच्या संस्थानाचं नाव स्क्वाड्रनना मिळालं. पहिल्या महायुद्धात ११०, दुसऱ्यात १५२ आणि २५३. १५२ च्या बोधचिन्हावर तर चक्क निझामाची पगडी आहे. शेतसाऱ्याच्या ओझ्याखालच्या मराठवाड्यात या दातृत्वाचं किती कौतुक झालं असेल, ते वाचकांनीच ताडावं.

या स्क्वाड्रननं १९४० मध्ये इंग्लंडचं आकाश राखलं. मॉडेलसाठी मात्र मी तिचा नंतरचा, ब्रह्मदेशातला अवतार घेईन. मार्क ८ चं किट आणा. १:७२ प्रमाणात ११ मीटरच्या वरचे पंख पंधरा-सोळा सेंटिमीटरांत बसतात. चौकटीतून भाग कापा, सांधे पुट्टीनं भरून बारीक पॉलिश पेपरनं घासा, मग प्रायमर. हे काम कंटाळवाणं खरं, पण इथे घाई केली तर रंगाखालून सांध्याची रेघ डोकं वर काढतेच.

खरी गंमत रंगात आहे. वरून हिरवा-तपकिरी, पोटाला राखाडी. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे, आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये म्हणून. आणि ब्रिटिश गोल चिन्हातलं लाल काढून टाकलेलं, उरला निळाच. कारण साधं: जपानी विमानांवर लाल ठिपका असे आणि धुमश्चक्रीत लाल दिसला की गोळी सुटायची. लाल गोल असलेलं ब्रह्मदेशी स्पिटफायर प्रदर्शनात दिसलं, की किट बनवणाऱ्यानं इतिहास वाचलेला नाही हे ओळखावं.

डब्यातला रंग जसाच्या तसा मारू नका. एवढ्याशा विमानावर तो गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एअरब्रशचा रंग हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा थिनर थोडं जास्त घाला आणि काम सकाळीच उरका.

मग या स्क्वाड्रनची ओळख: गोल चिन्हावरून झेप घेणारा काळा बिबट्या. त्याचं डेकल, म्हणजे चिकटवायचं चित्र, लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्यावाच लागतो. खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि बिबट्याभोवती पांढुरकी कड उमटते. शेवटी मॅट वार्निश आणि एक्झॉस्टमागे काजळीची हलकी छटा. हलकीच! काही जण विमान वर्षभर चुलीवर टांगल्यासारखं काळं करतात.

दुसरं किट घ्यायचं तर टेम्पेस्ट. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं याच निझामाच्या राज्यावर उडाली. फक्त दुकानदार मार्क ५ पुढे करेल, तर परत द्या. त्याच्या नाकाखाली रेडिएटरची मोठी हनुवटी असते. आपल्याकडची होती मार्क २, गोल नाकाची.