जावातील क्रमवारी : आधी अट, मग यादी

आकडे असोत, नावे असोत वा तारखा, यादी क्रमाने लावणे हे संगणकाचे नित्याचे काम होय. पद्धत कोणतीही वापरली तरी तिच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : या दोन वस्तूंपैकी आधी कोणती? ज्या वस्तूंना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यांची क्रमवारी लागणे अशक्य. ‘जावा’ या संगणकभाषेत हा नियम कोठे नोंदवला आहे, यावर प्रोग्रॅममधील चूक केव्हा उघडकीस येणार हे अवलंबून असते.

जावाच्या १.२ या आवृत्तीत (१९९८) ‘कम्पेरेबल’ हा इंटरफेस आला. त्यात ‘कम्पेअरटू’ ही एकच मेथड होती. तिचे उत्तर ऋण, शून्य की धन, यावरून वस्तू आधीची, बरोबरीची की नंतरची हे ठरते. तथापि, त्या काळी आकड्यांच्या यादीत चुकून एखादा शब्द शिरला, तरी कम्पायलर तक्रार करीत नसे. प्रोग्रॅम चालू असताना ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ ही त्रुटी येऊन काम बंद पडे. चूक प्रोग्रॅमरची, फटका मात्र वापरणाऱ्याला!

सप्टेंबर २००४ मधील जावा ५ ने ‘जेनेरिक्स’ची सोय केली. यादीतील वस्तूंचा प्रकार ‘टी’ अशा अक्षराने दर्शवता येऊ लागला. पण नुसत्या ‘टी’ने भागत नाही. ‘टी’ म्हणजे काहीही असू शकते. त्यामुळे त्यावर ‘कम्पेअरटू’ वापरण्यास कम्पायलर परवानगी देत नाही. येथे मर्यादित प्रकार कामी येतो. ‘टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<टी>’ असे लिहिले, की स्वजातीय वस्तूशी तुलना होऊ शकेल असाच ‘टी’ स्वीकारला जातो. कम्पेरेबल हा इंटरफेस असूनही येथे ‘इम्प्लिमेंट्स’ नव्हे, तर ‘एक्स्टेंड्स’ हाच शब्द लागतो, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे.

ही अट कधी कधी फार कडक ठरते. जावातील ‘टाइमस्टॅम्प’ हा क्लास ‘डेट’चा वारस आहे. त्यामुळे तो ‘कम्पेरेबल<डेट>’ आहे, ‘कम्पेरेबल<टाइमस्टॅम्प>’ नाही. साहजिकच, वरील अटीनुसार टाइमस्टॅम्पची यादी नाकारली जाईल. म्हणून जावाच्या ‘कलेक्शन्स.सॉर्ट’मध्ये ‘टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर टी>’ अशी सैल अट आहे. तुलनेचा नियम ‘टी’साठी लिहिलेला असो वा त्याच्या पूर्वजासाठी, दोन्ही चालतात. स्वतःची सॉर्ट मेथड लिहितानाही हाच नमुना गिरवणे श्रेयस्कर.

या अटीलाही मर्यादा आहेत. ‘अ’ हा ‘ब’च्या आधी आणि ‘ब’ हा ‘क’च्या आधी, तर ‘अ’ हा ‘क’च्याही आधी हवा, ही सुसंगती कम्पायलर तपासू शकत नाही. ती सांभाळण्याची जबाबदारी ‘कम्पेअरटू’ लिहिणाऱ्याचीच राहते. मात्र, तुलनाच होऊ न शकणारी यादी ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच अडते, हा लाभ एका ओळीच्या मोबदल्यात खचितच मोठा आहे.