*तुरीतला भुंगा पोत्यातून वावरात कसा पोचतो?*



वावरात तुरीच्या शेंगा पिकत आल्या, अन् घरात मागच्या सालच्या तुरीचं अर्धं पोतं अजून पडून आहे. आज त्या अर्ध्या पोत्याबद्दल.

भुंग्याची मादी दाण्यावर अंडी चिकटवते. पांढरे ठिपके दिसतात ना, तीच. अळी दाण्यात शिरते, आतच वाढते आणि साधारण महिन्याभरात गोल छिद्र पाडून भुंगा बाहेर येतो. सुरुवातीचे भुंगे सहसा उडत नाहीत, तिथल्या तिथे अंडी घालतात. पण पोत्यात गर्दी झाली, एकेका दाण्यात दोन-तीन अळ्या शिरल्या आणि त्यांच्या उबेने धान्य तापलं, की पुढच्या पिढीत उडणारे भुंगे निघतात. त्यांच्या अंगात चरबी जास्त, आयुष्य जास्त, अंडी मात्र कमी. जपानचे शास्त्रज्ञ शुनरो उचिदा यांनी हे दोन प्रकार १९५० च्या दशकात नोंदवले.

अंडी कमी म्हणून बिनघोर राहू नका. हा भुंगा घरातून उडतो आणि पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालतो. मळणीत दाणा स्वच्छ दिसतो, कारण अळी आत असते. छिद्रं दिसतात ती घरी आणल्यावर, आणि तोच दाणा पाहून अकोल्याचा डाळ मिलवाला भाव पाडतो.

पिठातल्या तांबड्या किड्याचंही जवळपास असंच. गर्दी वाढली की त्याच्याच अंगातल्या द्रवाने पीठ गुलाबीसर, उग्र वासाचं होतं अन् किडे दुसरी जागा शोधायला निघतात. भिंतीवर किडे फिरताना दिसले तर डबा आधी उघडून पाहा.

आता पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर गर्दी झाली समजा. ती तूर याच आठवड्यात निवडून, भरडून डाळ करून घ्या. हा भुंगा अंडी घालतो ती अख्ख्या दाण्यावर, डाळीवर सहसा नाही. रिकामं पोतं उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, भिंतीच्या भेगा लिंपा. नवी तूर दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा आणि जुन्या मालाजवळ ठेवू नका. घरी खायच्या तुरीला किलोमागे ५ मिली खाद्यतेल चोळलं तरी चालतं. सल्फासच्या गोळ्या मात्र राहत्या घरात मुळीच नको, त्या वायूने माणूस दगावतो.

कंपनीच्या गोदामात माल आणताना छिद्राचा दाणा दिसला तर उतरवण्याआधीच सांगा. तुमचं पोतं परत जाणार नाही, वेगळं ठेवू. न सांगता थप्पीत गेलं तर सगळ्यांची तूर बिघडते.