चाकं ढकलली, म्हणजे व्यायाम झाला?

मणक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून पांढुर्णा-सौंसरला घरी परतला, की घरचे मायेने म्हणतात, "दिवसभर खुर्ची ढकलतोस, तेवढा व्यायाम पुरे. आता आराम कर." या मायेतला समज खांद्याला फार महाग पडतो.

चाकं ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायूच पुन्हापुन्हा राबतात. फऱ्यांमधले, पाठीचे स्नायू मागे पडतात. खांदा पुढे ओढला जातो आणि हात वर नेताना कळ येते. खाटेवर सरकायचं, न्हाणीत जायचं, सगळं त्याच खांद्यावर असतं. म्हणून व्यायाम उलट दिशेचा हवा. खुर्चीचे ब्रेक लावा, खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब अडकवा आणि कोपरं मागे नेत दोन्ही फरे जवळ आणा. दहा-दहाचे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. चाक ढकलतानाही तोकडे झटके नकोत. लांब, सावकाश रेटा द्या आणि हात खालून मागे आणा. दुखणं वाढलं तर थांबा, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

"इजेनंतर शरीर घडत नाही," हेही खोटं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. प्रत्येकाला पदकाची गरज नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी 2018 साली आलेली आंतरराष्ट्रीय शिफारस, ताकदीच्या व्यायामासोबत, आठवड्यातून दोनदा किमान 20 मिनिटं दम लागेल अशा हालचालीची आहे. बसल्या जागी हवेत ठोसे मारले तरी चालतं.

"नाडी वाढली नाही, म्हणजे मेहनत कमी पडली," असंही काहींना वाटतं. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असेल तर नाडी फारशी वाढतच नाही. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम पुरे. इजेच्या खाली घामही नीट सुटत नाही, त्यामुळे अंग लवकर तापतं. आपल्याकडच्या मे महिन्यात व्यायाम पहाटेच करावा, जवळ पाणी आणि ओला पंचा ठेवावा. अशा माणसाचं डोकं अचानक ठणकलं, चेहरा लाल झाला, तर व्यायाम थांबवून त्याला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी अडली आहे का बघा. तरीही उतार पडला नाही तर लगेच दवाखाना गाठा. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो.