बिटकॉइनची खाण आणि फाशाचे दान

एका शिक्षक-शिबिरात गणिताच्या एका शिक्षकांनी आम्हाला एक वही दाखवली. त्यांच्या माजी विद्यार्थ्याने कर्ज काढून बिटकॉइन ‘खणणारे’ यंत्र घेतले होते आणि तो एका लहान गटात सामील झाला होता. वहीत रोजची कमाई होती. यंत्र तेच, वीज तीच. पण एका दिवशी शून्य, तर दुसऱ्या दिवशी सरासरीच्या दुप्पट! गट चालवणारे लबाडी करतात का, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न पैशाचा असला, तरी उत्तराची सुरुवात संभाव्यतेच्या गणितात आहे.

बिटकॉइनचे व्यवहार एका सार्वजनिक नोंदवहीत ‘ब्लॉक’च्या, म्हणजे ठोकळ्यांच्या, रूपात जोडले जातात. नवा ठोकळा जोडण्यासाठी संगणकाला एक विशिष्ट संख्या शोधावी लागते. ती सूत्राने काढता येत नाही. एकामागून एक संख्या घालून पाहायची, जुळली तर बक्षीस. हे बक्षीस २००९ मध्ये ५० बिटकॉइन होते. दर २,१०,००० ठोकळ्यांनंतर ते निम्मे होते आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. जगभरात मिळून सरासरी दहा मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला १४४ ठोकळे सापडतात.

प्रत्येक प्रयत्न म्हणजे फाशाचे एक दान. आधी किती दाने फुकट गेली, हे फाशाला आठवत नाही. समजा, जगातील एकूण गणनशक्तीचा एक लक्षांश भाग आपल्याकडे आहे. मग आपल्याला सरासरी ६९४ दिवसांनी एक ठोकळा मिळेल. पण तेवढे दिवस थांबूनही एकही न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते!

विजेचे बिल भरणाऱ्याला इतकी वाट पाहणे परवडत नाही. म्हणून अनेकांनी शक्ती एकत्र करून बक्षीस वाटून घ्यायचे, अशी कल्पना पुढे आली. अशा गटाला ‘मायनिंग पूल’ म्हणतात. पुढे ‘स्लश पूल’ या नावाने ओळखला गेलेला असा पहिला गट चेक प्रजासत्ताकातील मारेक पालाटिनस यांनी २०१० च्या अखेरीस सुरू केला.

गटाने नेमके काय साधते, हे वर्गात करून पाहता येईल. ४० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १२ वेळा फासा टाकावा. सहा पडले की एक ठोकळा. अपेक्षित सरासरी दोन. तरीही साधारण चार-पाच जणांना एकही सहा मिळणार नाही आणि एखाद-दुसऱ्याला पाच मिळतील. आता दहा-दहांचे गट करून सहांची समान वाटणी करावी. प्रत्येक गटाला २० सहा अपेक्षित आहेत. बहुतेक गटांना १६ ते २४ मिळतील. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १.६ ते २.४. सरासरी पूर्वीइतकीच राहिली. चढउतार तेवढे घटले. गट कमाई वाढवत नाही, ती फक्त समतल करतो, तीही पूर्णपणे नव्हे.

आता वहीकडे वळू. गटाकडे जगातील एक टक्का शक्ती असेल, तर दिवसाला सरासरी १.४४ ठोकळे. एकही ठोकळा नाही असा दिवस येण्याची शक्यता सुमारे २४ टक्के, म्हणजे चारांतला जवळजवळ एक दिवस कोरडा! महिन्याला अपेक्षा ४३ ठोकळ्यांची. येथे एक सोपा नियम लागू पडतो: नेहमीचा चढउतार अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. ४३ चे वर्गमूळ साडेसहा. म्हणून ३७ किंवा ५० ठोकळ्यांचा महिना मुळीच संशयास्पद नाही. दहा टक्के शक्तीच्या गटात हाच चढउतार महिन्याला सुमारे पाच टक्क्यांवर येतो.

काही बदल मात्र दानाचे नसतात. दर २०१६ ठोकळ्यांनंतर, साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी बदलते. २०२१ मध्ये चीनने खाणकामावर बंदी आणल्यावर असंख्य यंत्रे बंद पडली आणि ३ जुलैला काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. चालू राहिलेल्या यंत्रांची बिटकॉइनमधील कमाई बसल्या जागी वाढली. व्यवहार-शुल्कही बदलते. शिवाय बिटकॉइनचा बाजारभाव रोज हलतो. काही गट ठोकळा सापडो वा न सापडो, केलेल्या कामाचे ठराविक पैसे देतात. त्या जोखमीबद्दल ते दलाली सहसा जास्त घेतात.

मग लबाडी ओळखायची कशी? एका कोरड्या आठवड्यावरून नव्हे. एक टक्क्याच्या गटाला सहा महिन्यांत सुमारे २५९ ठोकळे अपेक्षित, चढउतार १६ चा. मिळाले २४५, तर तक्रारीला जागा नाही. मिळाले २००, तर नुसत्या नशिबाने ते समजावणे कठीण. हिशेब अवश्य मागावा.

त्या विद्यार्थ्याने कर्ज काढताना गटाची एका चांगल्या आठवड्याची कमाई चारने गुणली होती. खरी चूक तेथे होती. हप्ता दरमहा ठराविक असतो, दान नसते. शिक्षकांनी वर्गात विचारावे: फासा सलग १२ वेळा टाकून सहा पडले नाहीत, तर तेराव्या खेपेला सहा पडण्याची शक्यता किती? ‘एक षष्ठांश’ हे उत्तर ज्याला मनापासून पटले, त्याला ती वही वाचता येईल.