आपला संदेश-सर्व्हर : किती मोठा संगणक पुरे?

शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मित्राला तुम्ही मोबाइलवरून ‘उद्या खेळायला येतोस का?’ असे विचारता. दोन फोनांमधले अंतर फार तर दोन हात. पण तो संदेश आधी एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तिथून मित्राकडे परत येतो. अशा सेवा देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर आपल्याच शाळेत ठेवता येईल का? आणि ठेवायचा तर त्याला किती मोठे यंत्र लागेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आज आपण तेच पाहू.

एक पेढी की अनेक टपाल कचेऱ्या?

बहुतेक संदेशसेवा एखाद्या मोठ्या पेढीसारख्या असतात. सगळ्यांचे संदेश एकाच कंपनीच्या यंत्रांतून जातात. ई-मेलची तऱ्हा वेगळी आहे. तुमचा पत्ता एका सर्व्हरवर आणि तुमच्या मामांचा दुसऱ्या सर्व्हरवर असला, तरी पत्र पोचते. गावोगावच्या टपाल कचेऱ्या वेगवेगळ्या असूनही नियम एकच असावेत, तसे हे आहे. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे असे सामाईक नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले. या रचनेला संघीय रचना म्हणतात.

गप्पांसाठीही असे नियम आहेत. १९९९ साली ‘जॅबर’ या नावाने पुढे आलेली पद्धत पुढे ‘एक्सएमपीपी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. २०१४ साली ‘मॅट्रिक्स’ ही दुसरी पद्धत सुरू झाली. दोन्हींचे सर्व्हर-प्रोग्राम मोफत मिळतात. कोणीही ते आपल्या संगणकावर चालवून या संघात सामील होऊ शकतो.

पहिला हिशोब

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात ४० जण आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला ५० संदेश पाठवतो. म्हणजे एकूण संदेश झाले २,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर सरासरी ४३ सेकंदांना एक संदेश! एवढे काम तर अगदी छोटा संगणकही डुलक्या घेत करील.

आता जागेचे पाहू. संगणकात रोमन लिपीतले एक अक्षर साठवायला १ बाइट लागतो, पण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे, म्हणून १२ बाइट. शंभर चिन्हांचा संदेश ३०० बाइटांचा. त्याला पाठवणाऱ्याचे नाव, वेळ, सर्व्हरची सही वगैरे जोडून आपण हात सैल सोडून २ किलोबाइट धरू. दिवसाला ४ मेगाबाइट, म्हणजे वर्षाला सुमारे दीड गिगाबाइट.

पण प्रत्येकाने रोज पाच फोटो पाठवले तर? एक फोटो ५०० किलोबाइटांचा धरला, तर २०० फोटोंचे १०० मेगाबाइट होतात. वर्षाला साडेछत्तीस गिगाबाइट! शब्दांपेक्षा चित्रांना पंचवीस पट जागा लागली. म्हणून डिस्क घेताना शब्द मोजू नका, फोटो मोजा.

माझी चूक

एवढा हिशोब करून आमच्या प्रयोगशाळेत मीही एक सर्व्हर उभा केला. तळहाताएवढा संगणक, १ गिगाबाइट स्मृती (म्हणजे रॅम) आणि साठवणीला एक मेमरी कार्ड. पद्धत मॅट्रिक्स, वापरणारे ४० विद्यार्थी. दोन आठवडे सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी संदेश पोचेनासे झाले. माणसे वाढली नव्हती, संदेशही वाढले नव्हते. चौकशी केली, तेव्हा कळले की एका विद्यार्थ्याने आदल्या रात्री हजारो सदस्यांच्या एका जागतिक गटात प्रवेश घेतला होता. त्याने फक्त एक बटण दाबले होते!

एका बटणाने एवढा गोंधळ का व्हावा?

प्रत्येकाकडे तीच वही

अशा गटाला आपण ‘कट्टा’ म्हणू. एक्सएमपीपीमध्ये कट्टा एकाच सर्व्हरवर असतो आणि बाकीचे सर्व्हर फक्त निरोप पोचवतात. त्यामुळे काम हलके असते. ‘प्रोसॉडी’ नावाचा या पद्धतीचा सर्व्हर लहान मंडळासाठी चालवला, तर त्याला १०० मेगाबाइटच्या आत स्मृती पुरते. पण कट्टा ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद पडला, की साऱ्यांच्या गप्पा बंद.

मॅट्रिक्समध्ये कट्टा कोणा एकाच्या घरी नसतो. ज्या ज्या सर्व्हरचा एक तरी सदस्य त्या कट्ट्यावर आहे, तो प्रत्येक सर्व्हर कट्ट्याची आपली वही ठेवतो. प्रत्येक संदेशावर तो पाठवणाऱ्या सर्व्हरची सही असते आणि आधीच्या संदेशांचा उल्लेख असतो. त्यामुळे मधलेच पान कोणी गुपचूप बदलू शकत नाही. एखादा सर्व्हर बंद पडला, तरी इतरांच्या गप्पा चालू राहतात. तो परत आला, की राहिलेली पाने इतरांकडून उतरवून घेतो.

हा मोठा फायदा आहे, पण तो फुकट मिळत नाही. समजा, कट्ट्यावर १,००० सर्व्हरांचे मिळून २०,००० सदस्य आहेत. तुमच्या मंडळातला एक जण तिथे गेला, की तुमच्या सर्व्हरला त्या वीस हजारांच्या सदस्यत्वाच्या नोंदी आणाव्या लागतात, त्यांच्यावरच्या सह्या तपासाव्या लागतात आणि त्या जपाव्या लागतात. निघून गेलेल्या सदस्यांच्या नोंदीही त्यात असतात. पुढे तिथला प्रत्येक संदेश तुमच्याकडे येतो, मग तो कोणी वाचो वा न वाचो. आणि तुमच्या मित्राने तिथे ‘नमस्कार’ लिहिले, तर तुमच्या सर्व्हरला ते हजार ठिकाणी पोचवावे लागते.

म्हणजे यंत्र किती मोठे हवे, हे तुमच्याकडे माणसे किती यापेक्षा ती माणसे कोणत्या कट्ट्यांवर बसतात यावर ठरते. माझ्या हिशोबात हीच गोष्ट राहून गेली होती.

टेबल आणि कपाट

पण संगणक मंदावला का? आलेला प्रत्येक संदेश स्वीकारण्यापूर्वी सर्व्हर पाहतो की पाठवणारा सदस्य आहे का, त्याला बोलण्याचा अधिकार आहे का. त्यासाठी नोंदी हाताशी लागतात. स्मृती म्हणजे समोरचे टेबल आणि डिस्क म्हणजे खोलीतले कपाट. स्मृतीतली नोंद मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडी डिस्कला त्याच्या सुमारे हजारपट आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. टेबलावरचा कागद १ सेकंदात मिळतो असे मानले, तर एसएसडीतला मिळायला १७ मिनिटे आणि तबकडीवरचा मिळायला २८ तास! टेबल भरले, की संगणक त्यावरचे कागद कपाटात ठेवू-काढू लागतो. माझे कपाट तर साधे मेमरी कार्ड होते. मग सर्व्हर ठप्प होणारच.

कार्डाची आणखी एक अडचण आहे. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने अतिसूक्ष्म कप्प्यांत साठते. दर वेळी पुसताना-लिहिताना इलेक्ट्रॉन एका पातळ विसंवाहक थरातून पार जातात आणि तो थर हळूहळू झिजतो. सर्व्हर तर सतत थोडे थोडे लिहीतच असतो. त्याच आठवड्यात लिहिण्याच्या ऐन वेळी वीज गेली आणि आमचे कार्ड कायमचे निकामी झाले.

दूरच्या कट्ट्यांच्या वह्या इतर सर्व्हरांवर शाबूत होत्या. पण आमच्या मंडळाचा कट्टा फक्त आमच्याच सर्व्हरवर होता. मुलांनी टिपलेली महिनाभराची निरीक्षणे त्यात होती. ती गेली. मी दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. मुले काही बोलली नाहीत, पण त्यांच्याकडे पाहताना माझी मान खाली गेली. आपली वही आपल्या ताब्यात असणे याचा अर्थ ती जपण्याचे कामही आपलेच, हे मला त्या दिवशी पटले.

तर मग काय घ्यावे?

लहान मंडळ आणि एक्सएमपीपी असेल, तर पडून असलेला जुना संगणकही पुरेल. मॅट्रिक्सचा ‘सिनॅप्स’ हा सर्व्हर चालवून मोठ्या कट्ट्यांवर जायचे असेल, तर निदान १ गिगाबाइट स्मृती मोकळी हवी, असे तो बनवणारेच सांगतात. मी आता एकूण ४ गिगाबाइट घेतो. साठवणीला एसएसडी, आणि रोजची एक प्रत दुसऱ्या जागी. वीज गेल्यावर काही मिनिटे तग धरणारी बॅटरीही हवी.

विजेचाही हिशोब करा. छोटा संगणक ५ वॅट घेत असेल, तर ३० दिवसांत ३.६ युनिट होतात. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप त्याच काळात ४३ युनिट घेईल. म्हणजे फुकट मिळालेला संगणक नेहमी स्वस्तच पडतो असे नाही.

शेवटी, इंटरनेट कंपनीला एक प्रश्न अवश्य विचारा : ‘आमच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे का?’ कित्येकदा अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. अशा वेळी तुम्ही बाहेर पत्र पाठवू शकता, पण बाहेरच्याला तुमचे दार सापडत नाही. आणि सर्व्हरचे नाव विचारपूर्वक ठेवा. सिनॅप्समध्ये ते मागाहून बदलता येत नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. तुमच्या वर्गात किती जण आहेत, प्रत्येक जण रोज किती संदेश आणि किती फोटो पाठवतो, ते विचारा आणि वर्षाला किती गिगाबाइट लागतील ते काढा. मग त्या आकड्याची दुप्पट करा. दुसरी प्रत ठेवायची आहे ना!