स्पीकर ठेवावा कुठे?

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये माळवदाची, मातीच्या भिंतींची घरं कमी झाली आणि स्लॅबची घरं उभी राहिली. घर पक्कं झालं, पण स्पीकर लावला की बोलणं घुमतं. मग माणूस यंत्राला दोष देतो आणि नवं आणायला शहर गाठतो. थोडं थांबा. आधी खोलीत एक टाळी वाजवून पाहा. टाळी संपल्यावरही आवाज रेंगाळला, तर दोष खोलीचा आहे.

आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. गिलावा, फरशी, छत त्याला चेंडूसारखं परत फेकतात. शब्द सरळ कानी येतो, आणि मागोमाग तोच शब्द भिंतींवरून दहा वाटांनी येतो. पुढचा शब्द त्यात बुडतो. आवाज मोठा करावा, तर घुमारही तेवढाच वाढतो! मागच्या बाकावरच्या मुलांना धडा कळत नाही, तो पुष्कळदा यामुळे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात हाच त्रास होता. 1895 साली वॉलेस सॅबिन या प्राध्यापकांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून आणल्या, आणि गाद्या वाढतील तसा घुमार किती घटतो हे मोजलं. मोजायला माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्याकडे वाकळ आहेच की! स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर ती चार बोटं अंतर सोडून टांगा. पातळ पडदा फक्त वरचे, तीक्ष्ण सूर शोषतो. ढोलकीचा खर्ज त्याला जुमानत नाही.

स्पीकर कोपऱ्यात तर ठेवूच नका. तिथं दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात, माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढं घ्या, तोंड ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला करा. खाली सतरंजीवर बसत असाल तर स्पीकरही खाली आणा. पत्र्याच्या पेटीवर ठेवल्यास पेटीच वाजू लागते. पोत्याची जाड घडी खाली घाला. दोन स्पीकर असतील, तर त्यांच्यात जेवढं अंतर, साधारण तेवढंच आपण दूर बसावं.

जवळ बसणं हा तर बिनखर्चाचा उपाय. 1956 साली पुणे आकाशवाणीच्या शेतकरी श्रवणमंडळांत वीसेक माणसं एका रेडिओपुढं बसत.

आणि गुरुजी, वर्गात स्पीकरची पारख मुलं बसल्यावर करा. मुलांचे कपडेही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या वर्गाचा कौल खरा नसतो. रस्त्याकडची खिडकी मात्र बंद ठेवा, नाहीतर पैठणच्या गाड्या धड्यात शिरतील.