यंत्र, पाठ आणि वाचक

संगणकाद्वारे शिक्षण म्हणजे यंत्राने शिक्षकाची जागा घेणे, असा समज रूढ आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी वायुदलाने कोलोरॅडोतील लाउरी तळावर उभारलेली प्रशिक्षणव्यवस्था तो खोडून काढते. तेथे साठा-व्यवस्थापन व भांडारव्यवस्था यांचे अभ्यासक्रम प्रत्येक प्रशिक्षणार्थी आपापल्या गतीने पुरा करी. पाठ बहुतांशी छापील पुस्तिकांतून वा दृक्‌श्राव्य साधनांतून मिळत. संगणक उत्तरे तपासून पुढील पाठ नेमून देई. म्हणजेच शिकवण्याचा मुख्य भार अखेर भाषेवरच पडे. सामूहिक व्याख्यान नसल्यामुळे वाचक कोठे चुकेल, हे पाठलेखकालाच आधी ओळखावे लागे. संदिग्ध वाक्याचे पर्यवसान भांडारातील चुकीच्या नोंदीत होऊ शकते. म्हणूनच भारतीय भाषांत असे पाठ रचताना परिभाषेइतकाच वाक्यरचनेचा विचारही अगत्याचा ठरतो.